सर्टिफिकेशन परीक्षा सुरू असतानाच स्क्रीन काळी पडली तर? आधी काय करायचं, नंतर काय

परीक्षा सुरू होऊन ४१ मिनिटं झाली होती. बाविसावा प्रश्न समोर होता आणि डोक्यावरचा पंखा थांबला.

आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. दोन सेकंदांत पंखा पुन्हा फिरायला लागला. लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती. सुटले एकदाची, असं मनात म्हणेपर्यंत स्क्रीनवर इंटरनेट गेल्याचा मेसेज आला. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या बोर्डाला लावलेला आहे आणि तो बोर्ड इन्व्हर्टरवर नाही, हे मला त्या क्षणी आठवलं. त्या घरात मी अकरा वर्षं राहत होते. मी आतल्या खोलीत, राउटर बाहेर, आणि कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही हा परीक्षेचा नियम.

पत्रकारितेत येण्याआधी दोन वर्षं मी आयटीत होते, तेव्हाची ही गोष्ट. क्लाउडची असोसिएट पातळीची परीक्षा होती. फी १५० डॉलर, वर कर. कंपनी पैसे परत देणार होती, पण पास झाले तरच. अप्रेझल महिन्यावर आलं होतं आणि नव्या प्रोजेक्टच्या यादीत नाव यायचं तर हे सर्टिफिकेट हवं होतं.

मी नापास झाले. ७२० गुण लागत होते, मला ६९८ मिळाले. पुढे कित्येक महिने मी सगळ्यांना सांगत होते, ‘लाइट गेली म्हणून राहिले.’ ते खरं नव्हतं. लाइट बारा मिनिटांत आली. राउटर सुरू झाला, मी परीक्षेचं ॲप पुन्हा उघडलं, ओळखपत्र पुन्हा दाखवलं आणि परीक्षा बाविसाव्या प्रश्नावरच सुरू झाली. आधीची उत्तरं होती तशीच होती. शिल्लक वेळही तितकाच होता. माझं एक मिनिटही गेलं नव्हतं. पण पुन्हा लाइट जाईल या धास्तीने मी उरलेले प्रश्न धावत सोडवले आणि २६ मिनिटं शिल्लक असताना परीक्षा संपवून टाकली.

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरमधले हजारो जण आज क्लाउड, नेटवर्किंग, प्रोजेक्ट मॅनेजमेंट किंवा म्युच्युअल फंड वितरणाच्या परीक्षा देतात. अभ्यास कसा करायचा, यावर मोबाइलमध्ये ढिगाने व्हिडिओ सापडतात. त्या दिवशी घोळ झाला तर काय करायचं, हे मात्र बहुतेकांना घोळ झाल्यावरच कळतं.

नक्की कोणतं घड्याळ चालू आहे?

काहीही बिघडलं की स्वतःला हा प्रश्न पहिल्यांदा विचारायचा. कारण त्या दिवशी दोन घड्याळं असतात.

एक घड्याळ प्रवेशाचं. ते कुणासाठी थांबत नाही. ट्रॅफिक, पंक्चर, बंद पडलेली लोकल, ओळखपत्र घरी राहणं हे सगळं या घड्याळाशी खेळणं आहे. पिअर्सन व्ह्यू ही कंपनी ॲमेझॉनपासून सिस्कोपर्यंत अनेकांच्या परीक्षा घेते. तिच्या ऑनलाइन परीक्षेत चेक-इन ठरलेल्या वेळेच्या ३० मिनिटं आधी उघडतं. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर त्या दिवसाची परीक्षा गेली आणि फीसुद्धा गेली.

दुसरं घड्याळ परीक्षेचं, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यात उलटं मोजत जाणारं. लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते याला, आणि तांत्रिक बिघाडात बहुतेक वेळा थांबतं ते हेच.

हे कसं होतं ते समजून घेतलं की निम्मी भीती जाते. संगणकावरच्या परीक्षेत तुमची उत्तरं समोरच्या डब्यात अडकून पडलेली नसतात. तुम्ही पर्याय निवडून पुढच्या प्रश्नावर गेलात की ते उत्तर सर्व्हरवर नोंदलं जातं. केंद्रावर परीक्षा असेल तर साधारणपणे केंद्रातच एक सर्व्हर असतो आणि तुमच्या समोरचा संगणक ही त्याची फक्त खिडकी असते. खिडकी फुटली तर दुसऱ्या खिडकीत बसवतात. तुमचं लॉगिन दुसऱ्या मशिनवर उघडलं की तोच प्रश्न, तीच उत्तरं आणि थांबला होता तिथून वेळ. गेलंच तर त्या क्षणी स्क्रीनवर असलेल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर जातं. म्हणून परत बसल्यावर शेवटचे दोन-तीन प्रश्न आधी पाहून घ्यायचे.

एक गोष्ट मात्र करायची. बिघाड झाला त्या क्षणी स्क्रीनवर किती वेळ शिल्लक होता, ते डोक्यात किंवा केंद्राने दिलेल्या पाटीवर लिहून ठेवायचं. परत सुरू झाल्यावर तोच आकडा दिसतोय का, ते ताडायचं. नसेल तर ते सांगायची वेळ तीच. पुढचा प्रश्न उघडायच्या आधीची.

वॉशरूमचा ब्रेक हा याला अपवाद. केंद्रावर मधेच उठलात तर बहुतेक परीक्षांत घड्याळ चालूच राहतं. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या परीक्षेत दहा-दहा मिनिटांचे दोन अधिकृत ब्रेक आहेत, पण ब्रेकला जाताना आधीचा भाग कायमचा बंद होतो. ‘आल्यावर बघू’ म्हणून खूण करून ठेवलेले प्रश्न परत दिसत नाहीत. हा कुठलाही बिघाड नाही, नियम आहे. पण पहिल्यांदा देणाऱ्याला तो अपघातासारखाच लागतो.

घरून देताय? मग घरालाच केंद्र समजा

घरबसल्या परीक्षा देण्याचं आकर्षण मोठं आहे. प्रवास नाही, हव्या त्या वेळेचा स्लॉट मिळतो. माझं स्पष्ट मत विचाराल तर घरात माणसं जास्त आणि खोल्या कमी असतील तर सरळ केंद्रावर जा. का, ते सांगते.

ऑनलाइन परीक्षेत प्रॉक्टर, म्हणजे कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणारा पर्यवेक्षक, तुम्हाला पाहत आणि ऐकत असतो. खोलीत दुसरं कुणी आलं तर परीक्षा तिथल्या तिथे रद्द होऊ शकते. आजी चहा घेऊन आली, असं कारण चालत नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत अक्षरशः हेच झालं. आजीला वाटलं, पोरगी सकाळपासून खोलीत कोंडून घेऊन बसली आहे, घोटभर चहा तरी द्यावा. कप टेबलावर ठेवून आजी गेलीसुद्धा. दोन मिनिटांत स्क्रीनवर मेसेज आला. आजीला अजूनही हे सांगितलेलं नाही.

त्यामुळे दाराला आतून कडी, आणि बाहेर कागद चिकटवून मोठ्या अक्षरांत ‘अमुक वाजेपर्यंत दार वाजवू नका’. कुरिअर, गॅस सिलिंडर, इस्त्रीवाला, कामवाल्या मावशी या सगळ्यांची वेळ आदल्या दिवशी आठवायची. घरातल्या एकाला त्या दिवसाचा वॉचमन नेमायचं.

दुसरी गोची आपल्या सवयीची. आपल्यातल्या बऱ्याच जणांना प्रश्न पुटपुटत वाचायची सवय शाळेपासून असते. ओठ हलले की प्रॉक्टरला शंका येते. हनुवटीवर किंवा तोंडावर हात ठेवून विचार करणं, खिडकीबाहेर बघत राहणं यावरही सूचना येऊ शकते. सूचना आली म्हणजे संपलं असं नाही. मान डोलवायची, सांगितलं तसं करायचं आणि पुढचा प्रश्न घ्यायचा. चॅटमध्ये वाद घालत बसलात तर वेळ तुमचाच जातो.

मशिनच्या बाजूने सगळ्यात जास्त त्रास ऑफिसच्या लॅपटॉपचा होतो. त्यात व्हीपीएन, फायरवॉल आणि कंपनीची देखरेख करणारी सॉफ्टवेअर असतात. परीक्षेचं ॲप संगणकाचा पूर्ण ताबा मागतं आणि दोघांची जुंपते. शक्य असेल तर घरचा लॅपटॉप वापरा. सिस्टीम टेस्ट देताना तोच लॅपटॉप, तीच खोली, तेच नेट आणि जमलं तर दिवसाची तीच वेळ ठेवा. ऑफिसच्या वायफायवर टेस्ट पास झाली याचा घरच्या नेटशी काही संबंध नाही. दुसरा मॉनिटर नुसता बंद करून भागत नाही. त्याची वायर काढा.

आणि राउटर इन्व्हर्टरवर आहे का, ते बघा. आज संध्याकाळीच मेन स्विच पाच मिनिटं बंद करून बघा, काय चालू राहतं आणि काय नाही. इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस बाजारात मिळतो. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज किंवा पाणी बंद राहणं नवीन नाही. तरी मी परीक्षा गुरुवारीच घेतली होती, कारण त्या दिवशी ऑफिसात मीटिंग कमी असायच्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विसंबू नका. अनेक परीक्षांच्या नियमांत त्याला नकारच आहे, आणि चालू असताना फोन वाजला तर नेट तुटू शकतं.

नेट तुटलंच तर? घाबरून लॅपटॉप रिस्टार्ट करू नका. आधी एक-दोन मिनिटं थांबा, बऱ्याचदा जोडणी आपोआप परत येते. नाही आली तर ज्या लिंकवरून परीक्षा सुरू केली होती तिथूनच ॲप पुन्हा उघडा. म्हणून ती लिंक आणि लॉगिनचा पासवर्ड हाताशी हवा. मला पासवर्ड पाठ नव्हता. तो फोनमध्ये होता आणि फोन नियमाप्रमाणे हाताच्या अंतराबाहेर, कपाटावर ठेवलेला. चेक-इन पुन्हा सुरू होताना फोन घ्यावा की नाही, याच विचारात माझी तीन मिनिटं गेली.

रात्री सव्वाबाराची परीक्षा

हा घोळ ऐकायला विनोदी आहे, पण होतो. ऑनलाइन स्लॉट चोवीस तास उपलब्ध असतात. दुपारी १२.१५चा स्लॉट समजून रात्री १२.१५चा बुक केलेले लोक मला भेटले आहेत. झोपेतून उठून ईमेल बघतात तर परीक्षा होऊन गेलेली असते. ऑनसाइटला जाऊन आलेल्यांची आणखी एक गंमत असते. प्रोफाइलमध्ये टाइम झोन लंडनचा किंवा न्यू जर्सीचा राहून गेलेला असतो. बुकिंगचा ईमेल आला की तारीख, सकाळ-संध्याकाळ आणि टाइम झोन या तीन गोष्टी मोठ्याने वाचा. तेव्हा पुटपुटायला कुणाची हरकत नाही.

चूक वेळेत लक्षात आली तर दुरुस्त होते. ॲमेझॉनच्या म्हणजे एडब्ल्यूएसच्या परीक्षेची वेळ २४ तास आधीपर्यंत बदलता येते, पण एका बुकिंगला दोनदाच. आदल्या दिवशी अंगात कणकण असेल तर ‘बघू उद्या कसं वाटतंय ते’ म्हणण्याआधी ही २४ तासांची रेघ कधी ओलांडली जाते, ते बघा. अनेक निर्णय त्या रेघेच्या अलीकडे फुकट असतात आणि पलीकडे पूर्ण फीचे. कंपनीने दिलेलं व्हाउचर वापरत असाल तर त्याची शेवटची तारीखही बघा. नवी वेळ त्या तारखेच्या आत बसली पाहिजे.

नावात काय नाही?

केंद्राच्या दारात सगळ्यात वाईट अडकतात ती माणसं नावामुळे. याला आपली मराठी नाव लिहायची पद्धत बरीच जबाबदार आहे.

स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव हा आपला क्रम. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव वेगळ्या रकान्यात. पॅनवर अजून तिसरंच काहीतरी. आणि परीक्षेची नोंदणी करताना आपण घाईत फक्त नाव आणि आडनाव टाकून मोकळे होतो. नियम सांगतो, की नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे. मधलं नाव नसणं काही ठिकाणी चालवून घेतात, काही ठिकाणी नाही. ते दारातल्या माणसाच्या मर्जीवर कशाला सोडायचं?

लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचा प्रश्न याहून किचकट आहे. ऑफिसात जुनं नाव, आधारवर नवं, पासपोर्ट अजून जुना. अशा वेळी साधी युक्ती म्हणजे कोणतं ओळखपत्र नेणार ते आधी ठरवायचं आणि ते समोर ठेवून नोंदणीतलं नाव अक्षर न् अक्षर तसं करून घ्यायचं. नाव बदलून घ्यायला ग्राहक सेवेशी बोलावं लागतं आणि त्याला काही दिवस लागू शकतात, म्हणून हे काम परीक्षेच्या आठवड्यात नको.

आणखी एक. काही परीक्षांना फोटोबरोबर सही असलेलं ओळखपत्र लागतं. आधारवर तुमची सही नसते, पॅनवर असते. मोबाइलमधलं डिजिटल ओळखपत्र किंवा झेरॉक्स यावर विसंबू नका. मूळ कार्ड, मुदत न संपलेलं, आणि शक्य असेल तर दुसरं एक कार्डही बरोबर ठेवा.

हात वर करा. आणि नोंद करून घ्या

नापास झाल्यानंतर दीड महिन्याने मी दुसरी फी भरली आणि केंद्रावर जाऊन परीक्षा दिली. तिथेही घोळ झालाच. पन्नाशीच्या आसपासच्या प्रश्नाला माउस हलेना. माझ्या शेजारच्या रांगेतल्या एका मुलाचंही तेच झालं होतं. त्याने स्वतःच वायर काढून लावली, की-बोर्डवर दोन-चार बटणं दाबली आणि त्याची स्क्रीन पूर्ण बंद झाली. मी हात वर केला. एवढंच केलं.

केंद्रावर मशिनला हात लावायचा नाही. हे त्यांच्या नियमासाठी नाही, तुमच्या सोयीसाठी आहे. तुम्ही काही दाबलं नाही, तर बिघाड केंद्राचा. तुम्ही दाबलं, तर काय आधी झालं आणि काय नंतर, हा वाद सुरू होतो.

पर्यवेक्षकाला अडचण एका वाक्यात सांगा, आणि दुसऱ्या वाक्यात सांगा, की याची नोंद करा. पिअर्सन व्ह्यूसारख्या व्यवस्थेत केंद्राला अशा घटनेचा अहवाल वर पाठवता येतो आणि त्याला केस नंबर मिळतो. तो नंबर निघताना मागून घ्या. बरेच जण मागत नाहीत, कारण मशिन तर सुरू झालं, कशाला उगाच. माझ्या मते हीच सगळ्यात महागडी भिडस्तपणा असते. मशिन सुरू झालं तरी शिल्लक वेळ कमी झाला होता का, स्क्रीन पुन्हा अडकत होती का, शेजारी ड्रिलिंग चालू होतं का, हे सगळं नोंदीत असेल तरच पुढे उपयोगी पडतं.

यातली खरी मेख अशी, की अनेक परीक्षांचा निकाल संपवल्याबरोबर स्क्रीनवर दिसतो. निकाल बघून केलेली तक्रार आणि निकालाआधी केलेली तक्रार यांचं वजन सारखं नसतं. नापास दिसल्यावर ‘मशिन खराब होतं’ म्हणणारा माणूस कसा दिसतो, ते आपल्यालाही कळतं. म्हणून तक्रार करायची असेल तर ती परीक्षा संपवायचं बटण दाबण्याआधी सांगितलेली असली पाहिजे. मग निकाल काहीही लागो.

बाहेर आल्यावर लगेच, केंद्राच्या पायऱ्यांवर बसून, फोनमध्ये टिपून ठेवा. किती वाजता काय झालं, स्क्रीनवर कोणता मेसेज होता, कितवा प्रश्न होता, शिल्लक वेळ किती होता, किती वेळाने सुरू झालं. प्रश्न काय होता ते मात्र लिहायचं नाही. परीक्षेतला मजकूर बाहेर नेणं हा करारभंग आहे आणि तक्रारीच्या नादात तुम्हीच अडचणीत याल. त्याच दिवशी परीक्षा घेणाऱ्या कंपनीला केस नंबरसह ईमेल करा. ज्या संस्थेचं सर्टिफिकेट आहे तिलाही प्रत पाठवा. मागणी स्पष्ट असावी. ‘कृपया दखल घ्यावी’ असं लिहिलं तर फक्त दखल घेतली जाते. ‘फी न घेता पुन्हा परीक्षेची वेळ द्यावी’ असं लिहा.

त्यानंतरची दहा मिनिटं

आता ज्या गोष्टीमुळे मी राहिले, तिच्याकडे येते.

बिघाडानंतर वाटतं, की खूप वेळ गेला. हे वाटणं आकड्यात मांडून बघा. समजा ६५ प्रश्न आणि १३० मिनिटं आहेत. ४१ मिनिटांत २२ प्रश्न झाले. उरले ४३ प्रश्न आणि ८९ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला साधारण दोन मिनिटं चार सेकंद. आता सगळ्यात वाईट धरून चालू, की घड्याळ थांबलं नाही आणि दहा मिनिटं खरोखर बुडाली. उरलेल्या ७९ मिनिटांत ४३ प्रश्न, म्हणजे प्रत्येकी एक मिनिट पन्नास सेकंद. फरक १४ सेकंदांचा. लांबलचक प्रश्न दोनदा वाचण्याऐवजी एकदा नीट वाचला की १४ सेकंद निघतात.

मी हा हिशेब त्या दिवशी केला नाही. इंजिनिअरिंगला चार वर्षं गणित करून ज्या दिवशी भागाकाराची गरज होती, त्या दिवशी मी देवाचा धावा करत होते.

परत बसल्यावर लगेच अवघड प्रश्नाला भिडू नका. पुढचे तीन-चार प्रश्न चाळा, सोपा असेल तो आधी सोडवा. हात थरथरत असेल तर तो थांबेपर्यंतचा अर्धा मिनिट वाया गेला असं मानू नका. अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जायची सोय असेल तर वापरा. सगळ्याच परीक्षांत मागे जाता येत नाही. सिस्कोच्या सीसीएनएमध्ये उत्तर देऊन पुढे गेलात की मागचा प्रश्न परत मिळत नाही, हे आधी माहीत असलं पाहिजे.

शेवटची पाच मिनिटं रिकाम्या प्रश्नांसाठी. एडब्ल्यूएसच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि रिकामं सोडलेलं उत्तर चुकीचंच धरतात. म्हणजे अंदाजाने का होईना, काहीतरी निवडाच. पण ही सवय सगळीकडे नेऊ नका. शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडाशी संबंधित निस्मच्या परीक्षांपैकी काहींत चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, काहींत नाहीत. तुमच्या परीक्षेचा नियम आदल्या रात्री बघा.

आणि एखादा प्रश्न भलताच, अभ्यासक्रमाबाहेरचा वाटला तर त्यावर हताश होऊ नका. एडब्ल्यूएसच्या असोसिएट पातळीवरच्या सोल्यूशन्स आर्किटेक्ट परीक्षेत ६५ पैकी १५ प्रश्नांना गुणच नसतात. पुढच्या परीक्षांसाठी ते आजमावून पाहिले जातात. कोणते ते सांगत नाहीत. मग तो नकोसा प्रश्न त्यातलाच होता, असं समजायला काय हरकत आहे?

इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांना एडब्ल्यूएस ३० मिनिटं जास्त देतं, इंग्रजी पेपरसाठी. मराठी माध्यमातून शिकलेल्या किती जणांना हे माहीत असतं? ही सवलत बुकिंग करण्याआधी खात्यात जाऊन मागावी लागते. बुकिंग झाल्यावर त्या परीक्षेला ती लागत नाही. मला हे पहिल्या वेळी माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी मी ती घेतली. त्या ३० मिनिटांतली बरीचशी मला लागलीही नाहीत, पण ती आहेत या नुसत्या कल्पनेने माउस अडकला तेव्हा छातीत धस्स झालं नाही.

तरीही राहिलात तर

प्रत्येक परीक्षेचा पुन्हा बसायचा नियम वेगळा आहे. एडब्ल्यूएसला १४ दिवस थांबावं लागतं आणि पुन्हा पूर्ण फी. सिस्कोला पाच दिवस. पीएमपीला पात्रतेच्या एका वर्षात तीन संधी. कुबरनेटिसच्या सीकेए परीक्षेत एक फेरपरीक्षा त्याच फीमध्ये मिळते. फी भरण्याआधी हे बघितलं तर पहिली खेप जीवन-मरणाची वाटत नाही. कंपनी पैसे परत देणार असेल तर पहिल्या प्रयत्नाचे देते की पास झालेल्या प्रयत्नाचे, हेही एचआरला ईमेलवर विचारून ठेवा.

माझ्या केंद्रावरच्या त्या दिवशी पर्यवेक्षकांनी मला मागच्या रांगेतल्या मशिनवर बसवलं. वेळ जुळत होता. पुढच्या तीन प्रश्नांत मी मुद्दाम हळू गेले. संपवायचं बटण दाबण्याआधी घटना नोंदवली आहे ना, ते विचारलं. बाहेर आल्यावर केस नंबर कागदावर लिहून घेतला. तो शेवटी लागला नाही. चार दिवसांनी निकाल आला, ७८१.

तो वायर काढणारा मुलगा खाली चहाच्या टपरीवर भेटला. त्याचंही मशिन बदलून दिलं होतं, पण ‘मीच हात लावला ना’ म्हणून त्याने नोंद करायला सांगितलीच नव्हती. परीक्षा संपवून एक तास उलटला होता. ‘आता परत वर जाऊन सांगू का?’ असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, चहा ठेव आणि आधी जा.